हाताला काम

लेबर रूमच्या दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला सगळे एकच सांगतात, ‘तिला धीर द्या.’ तो मान डोलावतो. धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. मग तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत ‘होईल, होईल’ म्हणत राहतो, ती वैतागते, तो एक पाऊल मागे सरतो, आणि तासाभराने बाहेरच्या बाकावर फोन घेऊन बसलेला दिसतो. मी त्याला दोष देत नाही. उत्तर गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळात मी प्रसूती विभागात स्टाफ नर्स आहे. श्रावणातल्या एका रात्री अशाच एका माणसाच्या हाताला काम मिळालं आणि उजाडेपर्यंत तो जागचा हलला नाही. त्या रात्रीबद्दल लिहायचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

तो फेरीबोटीवर खलाशी. ती पहिलटकरीण, माहेर सत्तरी तालुक्यातलं, आई लहानपणीच गेलेली. ३९ आठवडे पूर्ण झालेले, दुपारपासून कळा. रात्री साडेनऊला भर पावसात आली तेव्हा गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं होतं. सोबत सासू आत आली. चांगली, प्रेमळ बाई. पण सुनेची पहिली मोठी कळ पाहिली आणि स्वतःच रडायला लागली. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. ‘म्हज्यान पळोवंक जायना गे बाय,’ माझ्याने बघवत नाही, असं म्हणत ती बाहेर गेली. मी सुनेला एकटीला गाठून विचारलं, ‘तुला आत कोण हवं?’ हा प्रश्न मी नेहमी एकटीलाच विचारते, कारण घरच्यांच्या देखत खरं उत्तर मिळत नाही. कुणाला बहीण हवी असते, कुणाला शेजारची मावशी, आणि कुणाला नवरा अजिबात नको असतो. तेही बरोबरच. ही म्हणाली, ‘त्याला घ्या.’

बाळंतपणात सोबत असू देण्याची मुभा सरकारी इस्पितळांना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच दिली आहे. सोबतीला स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, आणि जिथे इतर बायकांचा आडपडदा राखता येतो तिथे नवऱ्यालाही येऊ द्यावं, असं त्यात आहे. २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यातही सोबतीचा आग्रह आहे. अडतं ते पडद्यापाशी. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तिची लाज आणि तिचा हक्क आहे, आणि तो मोडून कुणाचा नवरा आत घ्यावा असं मलाही वाटत नाही. त्या रात्री कोपऱ्यातली खाट रिकामी होती, तिला दोन्ही बाजूंनी पडदे होते. डॉक्टरांनी होकार दिला.

त्याला मी पहिला प्रश्न विचारला, ‘जेवलात का?’ दुपारी ड्युटीवर घेतलेल्या चहानंतर त्याच्या पोटात काही नव्हतं. त्याला कँटीनला पाठवलं. उपाशी माणूस उकाड्यात तासन्‌तास उभा राहिला की घेरी येऊन पडतो, आणि तेव्हा बाईकडे बघायचं की त्याच्याकडे, अशी आमची ओढाताण होते. जेवून आल्यावर गाऊन, मास्क, हात धुणं, फोन बंद. पडद्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, एवढा एक नियम.

पहिली वीस मिनिटं तो नेहमीच्या वाटेनेच गेला. कळ आली की ‘थोडं सहन कर’. तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर ती त्याच्यावर ओरडली, ‘तू गप्प रहा!’ त्याचा चेहरा पडला आणि त्याने दाराकडे पाहिलं. मी त्याला तिथेच थांबवलं.

तिचं दुखणं पोटापेक्षा कमरेत जास्त होतं. कळ ओसरली तरी कंबर दुखायची थांबत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं तर बाळाचं डोकं खाली होतं, पण पाठ आईच्या पाठीकडे होती. अशा वेळी बाळाच्या डोक्याचा मागचा कठीण भाग आईच्या माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर दाबला जातो. बहुतेक बाळं कळांच्या ओघात आपली आपण फिरतात, पण तोवर वेळ जास्त लागतो आणि कंबर जीव नकोसा करते.

मी तिला उतरवलं, खाटेच्या कडेवर हात टेकून पुढे वाकून उभं केलं आणि त्याचा उजवा हात माझ्या हातात घेतला. दोर ओढून घट्टे पडलेला, रुंद हात. तळव्याचा मनगटाजवळचा भाग कमरेखालच्या त्या सपाट हाडावर ठेवला. ‘चोळायचं नाही, दाबायचं. कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार हातावर येऊ द्या. कळ सुरू झाली की दाब द्या, संपली की हळूच सोडा.’ तो भीत भीत दाबू लागला. तिने एक बोट वर केलं. ही खूण मी दोघांना आधीच सांगून ठेवली होती, कारण कळ भरात असताना बाईला बोलायला लावणं हा छळ आहे. एक बोट म्हणजे अजून जोरात, पंजा उघडला म्हणजे पुरे. त्याने भार टाकला. पुन्हा बोट. मग त्याने पाय मागे रोवले आणि सगळं अंग लावलं. तिचा वर चढलेला खांदा खाली आला आणि तोंडातून लांब श्वास सुटला. कळ संपल्यावर ती म्हणाली, ‘असंच. इथंच.’

पुढे त्याला एकेक काम सांगत गेले. कळ चालू असताना प्रश्न विचारायचा नाही. घड्याळ सांगायचं नाही. कळ उतरली की पाण्याचे दोन घोट, मान आणि कपाळ ओल्या फडक्याने पुसणं. दोन तासांनी लघवीला न्यायचं, कारण तिला स्वतःला ते भान राहत नाही आणि भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. तिचे दात आवळलेले दिसले तर ‘सैल सोड’ असं ओरडून सांगायचं नाही, तिच्या कानाजवळ स्वतः ऐकू येईल असा सावकाश श्वास सोडायचा. तिचा श्वास आपोआप त्यामागे येतो. ती किंचाळायला लागली तर गप्प करायचं नाही, आवाज खाली आणायला मदत करायची. गळ्यातून येणाऱ्या खोल ‘आऽऽ’ने कळ सोसायला बळ मिळतं, वरच्या पट्टीत किंचाळलं की दम जातो.

हे सगळं मी का करत नाही, असं कुणी विचारेल. मीही करतेच, पण रात्रीच्या पाळीत एका बाईपाशी सलग बसणं मला शक्य नसतं. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे, पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, भरायचा, पलीकडच्या खाटेवरचं सलाईन बघायचं, मध्येच अँब्युलन्समधून कुणी आली तर तिला घ्यायचं. आणि सलग असण्यालाच महत्त्व आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १५,००० हून अधिक बायकांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. ज्यांना सतत कुणाची तरी सोबत मिळाली त्यांचं बाळंतपण थोडं लवकर आटपलं, नैसर्गिक प्रसूती जास्त झाल्या, सीझर कमी झाली, आणि त्या अनुभवाबद्दल मनात कडवटपणा राहण्याचं प्रमाणही कमी होतं. औषधाने इतकं साधलं असतं तर ते प्रत्येक इस्पितळात पोहोचवण्यासाठी आपण धावपळ केली असती.

दोनच्या सुमारास तपासणीसाठी तिला उताणं झोपवलं होतं, तेव्हा डॉप्लरवर, म्हणजे ठोके ऐकायच्या यंत्रावर, बाळाचे ठोके मिनिटाला १०० च्या खाली घसरले. साधारणपणे ते ११० ते १६० असतात. लगेच तिला डाव्या कुशीवर वळवलं. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पाठीमागच्या मोठ्या शिरेवर येतं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी पडतं. डॉक्टर डॉप्लर धरून उभ्या राहिल्या. मिनिटभरात १४०. तो मात्र आकड्याकडे बघत गोठला होता, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. अशा वेळी बाई आमच्याकडे बघत नाही, सोबतच्या माणसाच्या तोंडावर काय दिसतं ते वाचते. मी त्याला काय झालं ते सरळ सांगितलं आणि म्हटलं, ‘मशीन आम्ही बघतो, तुम्ही तिच्याकडे बघा.’ तो वळला, तिच्या डोळ्यांसमोर आला आणि म्हणाला, ‘कुशीवर वळलीस तसे ठोके बरे झाले.’ एवढंच. खोटा दिलासा दिला नाही. मला ते फार आवडलं.

साडेतीनला ती थरथरायला लागली. उलटी झाली. पाय गार, तोंड लाल, आणि मग सुरू झालं, ‘मला घरी ने. मला जमणार नाही. पोट फाडा पण सोडवा.’ त्याचे डोळे भरून आले. पडद्याबाहेर येऊन त्याने माझ्यापुढे हात जोडले. ‘सिस्टर, सीझर करा. मी सही करतो.’

हा क्षण मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. बाईचं दुखणं बघवत नाही म्हणून माणूस तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकतो, आणि बाहेर बसलेलं घर त्याला साथ देतं. त्यात प्रेमच असतं, पण दुखणाऱ्या बाईला त्यातून एवढंच कळतं की हिला जमणार नाही असं आता त्यालाही वाटतं. मी त्याला म्हटलं, ‘सही तिची लागते. आणि गरज पडली तर डॉक्टर एक मिनिट थांबणार नाहीत, जरूर वाटली तर बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाही नेतील. आधी बघू या कुठे आलोय.’ डॉक्टरांनी तपासलं. ९ सेंटिमीटर. बाळाचं डोकं फिरत होतं, ठोके उत्तम होते. थरथर, उलटी, ‘मला जमणार नाही’ हे सारं शेवटच्या टप्प्यात येतंच, आणि ते नेमकं मुक्काम जवळ आल्यावर येतं, हे मी त्याला समजावलं. ‘जा, तिला खरं आहे ते सांगा, आणि तिला काय हवंय ते विचारा.’

तो गेला. गुडघ्यावर बसला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. ‘एक सेंटिमीटर राहिलाय. बाळ फिरतंय. तू सांगशील ते मी डॉक्टरांना सांगतो.’ ती काही बोलली नाही. पुढची कळ आली, गेली. मग म्हणाली, ‘हात काढू नको.’

नंतरचा तास ती खाटेवर गुडघे आणि हात टेकून होती. पाठीकडे पाठ असलेल्या बाळांना फिरायला या स्थितीत जागा मिळते, आणि त्याच्या हातालाही कंबर सरळ सापडते. जोर करायची वेळ आली तेव्हा मी त्याला डोक्याशी उभं केलं. खाली काय चाललंय ते बघायची गरज नव्हती, आणि त्यालाही बघायचं नव्हतं. आमच्याकडे या वेळी चारजण मिळून ‘जोर कर, जोर कर’ असा गलका करतात, तो मला मान्य नाही. एकच आवाज पुरे. आता बोलणारी मी एकटी आणि तो तिचा आधार, एवढं ठरलं. ठोके दर पाच मिनिटांनी ऐकत होतो. पाच वाजून गेले होते, बाहेर पाऊस उघडला होता, आणि मुलगी झाली. लगेच रडली.

तिला पुसून तशीच आईच्या छातीवर ठेवली, वर कोरडा टॉवेल, डोक्यावर टोपी. नाळेचे ठोके थांबेपर्यंत दोनेक मिनिटं थांबून मग ती कापली. ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन आधीच दिलं होतं. वार पूर्ण आली, पण गर्भाशय मऊ लागत होतं आणि रक्त हवं त्यापेक्षा जास्त जात होतं. डॉक्टर आणि मी कामाला लागलो. पोटावरून मसाज, आणखी औषध, दर मिनिटाला नाडी. रक्त बघून तो पांढरा पडला. त्याला स्टूल दिलं आणि शेवटचं काम सांगितलं, ‘बाळाचं नाक मोकळं आहे ना, एवढ्यावरून नजर हलवू नका. बाळ घसरू देऊ नका. आणि तिच्याशी बोला, ती उत्तर देते का ते मला सांगा.’ तो दर थोड्या वेळाने सांगत राहिला, ‘बोलतेय. बाळ ठीक.’ गर्भाशय कडक झालं, रक्त आवरलं. तासाच्या आत बाळाने छाती धरली.

सात वाजता माझी पाळी संपत होती. तिला वॉर्डात हलवलं होतं आणि सासू थर्मासमधली पेज वाटीत ओतत होती. मी त्याला बोलावलं, कारण पुढच्या काही दिवसांतही त्याच्याकडून काम हवं होतं. कशाकशावर लगेच मदत मागायची ते तो फोनवर लिहून घेऊ लागला. पॅड तासाभरात पूर्ण भिजलं तर. ताप आला तर. डोकं फार दुखलं किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला तर. एका पायाची पोटरी सुजली, दुखली तर. सहा तासांत लघवी झाली नाही तर. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं किंवा छाती आत ओढून श्वास घ्यायला लागलं तर. ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तेही लिहा, असं सांगितलं.

लिहून झाल्यावर त्याने विचारलं, ‘यातलं काही रात्री झालं तर सकाळपर्यंत थांबायचं?’

‘नाही. इथे असाल तर लगेच सिस्टरला बोलवा. घरी असाल तर १०८.’

त्याने तेही लिहिलं, मग स्वतःच्या आईजवळ जाऊन सगळी यादी तिला मोठ्याने वाचून दाखवली, आणि अंधारीच्या ओळीवर ती म्हणाली, ‘हें परत वाच.’