अथोसची पायवारी

उत्तर ग्रीसमधल्या अथोसला जायचं तर आधी परवाना हवा. समुद्रात घुसलेल्या या डोंगराळ द्वीपकल्पावर 20 मठ आहेत आणि तिथला कारभार मठच पाहतात. ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाबाहेरच्या यात्रेकरूंना रोज जेमतेम 10 परवाने मिळतात. बायकांना तर प्रवेशच नाही, हा नियम हजार वर्षांचा. माझी बायको उरानूपोलीच्या धक्क्यावरच थांबली. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायांची वारी पाहत मी वाढलो. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही.

पुढे रस्ता नाही, बोटीनेच जायचं. दाफ्नीला बोट बदलून आगिया आन्नाच्या धक्क्यावर उतरलो आणि तिथून दगडी पायऱ्यांची उभी चढण सुरू झाली. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कड्याला बिलगलेल्या संन्याशांच्या कुटी. वर पोचल्यावर एका वृद्ध साधूने न विचारताच गार पाणी, लुकुमी ही मऊ मिठाई, कॉफी आणि सिपुरो या द्राक्षाच्या दारूचा छोटा पेला पुढे ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला हेच. इथे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि पंचांग आपल्या कॅलेंडरच्या 13 दिवस मागे चालतं. पहाटे प्रार्थनेला उठवायला घंटेआधी लाकडी फळीवर हातोडीचे ठोके पडतात. आधी सावकाश, मग झपाझप.

अथोसचं खरं वैभव मला त्याच्या रानात दिसलं. खाली सदाहरित झुडपं, मग ओक आणि चेस्टनट, त्याहून वर फरची झाडं, आणि शेवटी नुसता पांढरट संगमरवरी खडक. समुद्रसपाटीपासून 2033 मीटरपर्यंतचं हे सगळं एका चढणीत पायाखालून जातं. शेळ्यामेंढ्यांचे कळप इथे चरत नाहीत, त्यामुळे कोवळा अंकुरही टिकतो. चेस्टनटचं लाकूड मठ विकतात, रान अगदी अस्पर्श नाही. तरीही आपल्याकडची देवराई ज्याने पाहिली आहे, त्याला इथे कुणी काही समजावायला नको. फक्त ही देवराई अख्ख्या डोंगराएवढी आहे. ग्रीसच्या इतर डोंगरांवर चराईने आणि वणव्यांनी उघडे पडलेले उतार पाहिले की श्रद्धेने काय राखलं, ते कळतं.

मुक्काम पनागिया या वाटेवरच्या निवाऱ्याला, साधारण 1500 मीटरवर. दगडी खोल्या, छोटं चॅपल आणि विहीर. दोराला बांधलेली बादली खाली सोडायची, पाणी काढायचं आणि मागून येणाऱ्यासाठी ती भरून ठेवायची. एका रुमानियन तरुणाने माझी बाटली भरून दिली. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी शेवटची चढण बरोबरच चढलो.

शिखरावर ख्रिस्ताच्या रूपांतराचं, म्हणजे शिष्यांसमोर त्याचं रूप तेजोमय झालं त्या प्रसंगाचं, चॅपल आहे, शेजारी लोखंडी क्रूस. दरवर्षी 19 ऑगस्टला, म्हणजे इथल्या पंचांगाने 6 तारखेला, लोक रात्रभर जागून इथे प्रार्थना करतात. संध्याकाळी या डोंगराची सावली लेमनॉस बेटापर्यंत पोचते, असं प्राचीन ग्रीक सांगत. आम्ही चढलो ते पहाटे, त्यामुळे सावली पश्चिमेला, थेट शेजारच्या सिथोनिया द्वीपकल्पाच्या दिशेने पसरलेली दिसली. तरुणाने चॅपलमध्ये मेणबत्ती लावली, दुसरी माझ्या हातात दिली. मीही लावली आणि तोंडातून आपसूक निघालं, "पुंडलिक वरदा हरि विठ्ठल."