एमबीबीएसची मुले संशोधनापासून लांब का राहतात?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना संशोधनात रस नसतो, असे आमच्या स्टाफरूममध्ये वरचेवर ऐकू येते. पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात शिकवताना मला हे निदान घाईचे वाटत आले आहे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारले, तर संशोधन अनावश्यक आहे असे कोणीही म्हणत नाही. प्रत्यक्षात एखादा प्रकल्प हाती घेणारी मुले मात्र बोटांवर मोजण्याइतकी निघतात.

याचे एक कारण सरळ हिशेबाचे आहे. एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या नीट-पीजी परीक्षेत २०० प्रश्न आणि ८०० गुण असतात, आणि शोधनिबंधाला त्यात एकही गुण नाही. त्याच वसतिगृहात राहणारा, पण अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, करू पाहणारा विद्यार्थी मात्र केस रिपोर्टच्या, म्हणजे एखाद्या वेगळ्या रुग्णावर लिहिता येईल अशा लेखाच्या, शोधात वॉर्डावॉर्डांतून फिरताना दिसतो, कारण तिथल्या अर्जात प्रकाशनांची नोंद असते आणि २०२२ पासून यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागत असल्यामुळे इतर कामगिरीला अधिक महत्त्व आले आहे. दोघांच्या बुद्धीत किंवा जिज्ञासेत काही फरक असतो, असे मला कधी जाणवलेले नाही.

दुसरे कारण कमी बोलले जाते. संशोधनाचे पहिले दर्शन या मुलांना घडते ते रेसिडेंटच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरच्या, थीसिसच्या (प्रबंधाच्या) रूपाने. चोवीस तासांची ड्युटी संपवून, लाल डोळ्यांनी एक्सेलमध्ये मास्टर चार्ट, म्हणजे सर्व रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, भरणारा, एमआरडीतून (रुग्णालयाच्या अभिलेख विभागातून) काढलेल्या केसपेपरवर रक्तदाबाची नोंदच नाही म्हणून चडफडणारा आणि ‘पी व्हॅल्यू बसत नाही’, म्हणजे निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीला उतरत नाही, म्हणून संख्याशास्त्रज्ञाच्या दारात ताटकळणारा सीनियर रोज समोर दिसत असेल, तर हे काम स्वतःहून अंगावर कोण घेईल? प्रश्न कसा सुचतो, हे या मुलांना कोणी दाखवतच नाही. त्यांना दिसते ती केवळ मुदत.

वास्तविक प्रश्न कसा सुचतो, याचे महाराष्ट्रातच उत्तम उदाहरण आहे. विंचूदंशाच्या प्रश्नाला ‘प्राझोसिन’ या औषधाचा पर्याय निवडायचा, हे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, मृत्यू हृदय आणि फुप्फुसांवरील परिणामांमुळे होतात हे ओळखले आणि त्यातून हा उपचार पुढे आला, हे फार थोड्यांना माहीत असते.

मार्गदर्शकांची उणीव तर आकड्यांतूनच दिसते. २००५ ते २०१४ या काळातील ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध आढळला नाही. जिथे शिक्षकानेच बढतीच्या निकषापुरते लिहिलेले असते, तिथे विद्यार्थ्याचा प्रस्ताव वाचायला बसणारा माणूस सापडणे हेच मोठे भाग्य.

तरीही वाट अगदीच बंद नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना, म्हणजे एसटीएस, १९७९ पासून चालू आहे. तिच्यात दोन महिन्यांत छोटा अभ्यास पूर्ण करायचा असतो. अडचण येते ती या दोन महिन्यांच्या आसपास: संशोधनाला नैतिकतेच्या दृष्टीने मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक लांबते, सदस्य सचिव रजेवर जातात, त्रुटी काढलेला प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो, आणि मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत टर्मची परीक्षा तोंडावर आलेली असते. मधुमेही रुग्ण पायांची निगा कशी राखतात, एवढेच ओपीडीत विचारू पाहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीचा उत्साह असाच फायलीत विरला. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अल्प जोखमीच्या अभ्यासांसाठी जलद परीक्षणाची सोय स्पष्टपणे दिलेली आहे. ती पदवीपूर्व प्रस्तावांना नियमितपणे लागू करावी आणि त्यासाठी कालमर्यादा ठरवावी, असे पत्र मी समितीला दिले आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ते आले, तर यंदाच्या तुकडीला त्याचा उपयोग होईल.