आमची वाटचाल : मागाच्या आवाजातला चेस क्लास

2009 साली शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत क्लास चालू केला तेव्हा सहा पट, बारा पोरं आणि चावीची दोन घड्याळं एवढंच होतं. सोसायटीतली नोकरी सोडली म्हणून वडील आठ दिवस बोलले नाहीत. पण आदल्याच वर्षी चेन्नईत ग्रँडमास्टर रमेश सरांनी ऑइल कंपनीची नोकरी सोडून चेस गुरुकुल काढलेलं, ते माझ्या डोक्यात बसलं होतं. ग्रँडमास्टर व्हायला लागतं ते 2500 रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) आणि तीन नॉर्म (मोठ्या स्पर्धेत ठरलेल्या दर्जाचा खेळ) कमावलेला माणूस शिकवायला बसतो म्हणजे हे काम छोटं नाही, एवढं मला कळलं.

मधली वर्षं बरी गेली. 2019 च्या पावसात खोलीत पाणी शिरलं, तेपण सोसलं.

खरा घाव 2020 चा. लॉकडाऊन लागलं आणि चार वर्षं माझ्या हाताखाली असलेल्या पोरानं ऑनलाइन बॅच काढली, स्टेटसला प्रज्ञानंदचा फोटो, खाली "तीन महिन्यांत रेटिंग". नंबर कुठले, तर माझ्याच पालकांच्या ग्रुपवरचे! 41 मधली 34 पोरं गेली. प्रज्ञानंद बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला ते खरं, पण त्याच्यामागं रमेश सरांनी किती वर्षं घासली ते स्टेटसला कोण टाकत नाही. तेव्हा रेटिंग 1000 पासून मिळायचं, 1050 आलं की पेढे. 2024 च्या मार्चमध्ये फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, खालची हद्द 1400 केली. मी आधीपासून सांगत होतो, आकड्याच्या मागं लागू नका, आधी हत्तीचा शेवट शिकवा, म्हणजे पटावर राजा, हत्ती, प्यादं एवढंच उरल्यावर कसं खेळायचं ते; त्यातली ल्युसेना नावाची जिंकायची रीत आली पाहिजे. कोण ऐकतंय.

शेजारचे मागवाले काका मात्र हलले नाहीत. त्यांचे स्वतःचे माग बंद, साड्या घरात पडून, तरी दर महिन्याच्या पाच तारखेला तीनशे रुपये पाकिटात घालून खिडकीतनं द्यायचे. नको म्हटलं तर म्हणायचे, सर, पोरीचा क्लास चालू हाय की, मग फी पण चालू. आमच्या घड्याळाची चावी अडकायची, वेळ संपल्याची झेंडी वेळेआधी पडायची, ते त्यांनी मागाचं तेल काडीनं थेंबभर सोडून चालू केलं. पोरगी ओट्यावर बसून हत्तीनं पूल बांधायची, म्हणजे ल्युसेनातली हत्ती मध्ये घालून शह अडवायची युक्ती, एकच डाव वीस-वीस वेळा.

पालकांनो, एक सांगतो, ॲपच्या आधी पट घ्या, राजा पावणेचार इंचाचाच घ्या, आणि पोराच्या पाठीमागं उभं राहून उसासे टाकू नका, त्याला सगळं ऐकू येतं.

आता 29 पोरं आहेत. रविवारी बारक्यांची बॅच काकांची पोरगीच घेते, शेजारी माग धडधडत असतात, बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. घड्याळांना चावी तीच देते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.