बारीपाड्याच्या जंगलात मी मोडलेली फांदी

धुळ्यात पांझरा बघत मोठा झालो, म्हणजे वर्षातले बरेच महिने वाळू आणि गोटे बघत मोठा झालो. नदी साक्री तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते हे शाळेत घोकलं होतं, पण ते डोंगर बघायला चाळिशी उलटावी लागली. यंदा श्रावणात निघालोच. पिंपळनेरपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" बारीपाडा म्हटल्यावर मान डोलावून म्हणाले, "ते जंगलवालं गाव!"

गाव जेमतेम शंभरेक घरांचं, बहुतेक कोकणा आदिवासींचं. १९९० च्या सुमारास इथले डोंगर बोडके झाले होते, पाण्यासाठी बायकांची पायपीट चालायची. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावात राहिले. लोकांना बसवून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ठरवली आणि डोंगरउतारावर पाणी अडवायला बांध घातले. आज गाव राखतं ते जंगल साडेचारशे हेक्टरच्या आसपास आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवर हेच डोंगर दिसले होते. टीव्हीवर जास्त हिरवे वाटले होते, खोटं का बोला.

खरं सांगायचं तर हे जंगल फोटोत भरत नाही. साग, ऐन, महू, पळस, मध्येच बांबूचं बेट. वाघ दिसेल म्हणून येणाऱ्यानं इकडे फिरकूच नये. मी तासभर चाललो, मोराची केका तेवढी ऐकली. पायवाट निसरडी होती म्हणून आधाराला एक फांदी मोडून घेतली आणि काठी टेकत वर चढलो.

वळणावर एक म्हातारबाबा बसलेले. डोक्यावर गोणपाटाची खोळ, पायाशी ओली चप्पल. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्यांची नजर काठीवर गेली.

"वाळकी होती का ओली?"

मोडलेलं टोक पांढरंशुभ्र होतं, पाझरत होतं. उत्तर द्यायची गरजच नव्हती.

"गावातला असतास तर दंड भरला असतास," ते म्हणाले. रागावून नाही, पाऊस येईल असं सांगावं तसं. जंगल राखायची पाळी त्यांची होती. मी विचारलं, बाबा, एवढी झाडं लावली कधी? ते हसले. "लावली कुठं? खोडं जमिनीत होतीच. तोडायचं थांबवलं, त्यांना फुटवे आले."

मी तिथंच थांबलो. आमच्याकडे दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं, फोटो निघतात आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. सागाचा बुंधा तोडला तरी मुळं जिवंत असतात. बकरी आणि कुऱ्हाड लांब ठेवली की कोंब वर येतो. पालापाचोळा साठतो, पावसाचं पाणी धावत सुटण्याऐवजी मुरतं, खालच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहतं. यातलं अवघड काम एकच, रोज कुणीतरी वळणावर बसून राहायचं. तीस वर्षं.

बाबांनी दुपारी घरी जेवायला नेलं. इथं २००४ पासून रानभाज्यांची स्पर्धा भरते. बायका जंगलातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात, एकेकीला पन्नास-पन्नास भाज्यांची नावं येतात. मला टाकळा आणि कुरडू एवढेच ओळखता आले. ताटात नागलीची भाकरी, बांबूच्या कोंबांची भाजी आणि वाफाळता भात. मी तीनदा भात मागितला, चौथ्यांदा लाज वाटली.

काठीचं काय करायचं, असं निघताना विचारलं. बाबांनी ती सुनेकडे दिली, तिनं मोडून चुलीत सारली. ओली होती. घरभर धूर झाला, सगळ्यांचे डोळे चुरचुरले आणि सून पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली.