५६ मिनिटे २४ सेकंद

१५ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मी चांद्रयान-२ चे प्रक्षेपण पाहण्यासाठी जागा होतो. श्रीहरिकोटा येथून पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उड्डाण व्हायचे होते, राष्ट्रपती रामनाथ कोविंद त्यासाठी तेथे उपस्थित होते, आणि उड्डाणाला ५६ मिनिटे २४ सेकंद उरलेली असताना पडद्यावरचे घड्याळ थांबले. बराच वेळ कोणीच काही सांगेना. अखेर प्रक्षेपक यंत्रणेत तांत्रिक त्रुटी आढळल्यामुळे, अधिक खबरदारी म्हणून, आजचे प्रक्षेपण रद्द करण्यात येत असल्याची त्रोटक घोषणा झाली. माझी पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची होती, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. झोप मोडली होती आणि पाहायला काहीच मिळाले नव्हते. चीड ओसरल्यावर मात्र एक प्रश्न मनात राहिला आणि तो अजून गेलेला नाही : राष्ट्रपती प्रेक्षागारात बसलेले असताना आणि सारा देश पडद्याकडे डोळे लावून असताना ज्याने सर्वप्रथम ‘थांबा’ म्हटले असेल, त्याला ते म्हणणे किती जड गेले असेल, किंवा कदाचित मुळीच जड गेले नसेल का?

तेव्हापासून उलटगणतीविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहे. आपण प्रेक्षक शेवटचे दहा आकडे ऐकतो आणि उलटगणती म्हणजे शून्याकडे धावणारे घड्याळ असे धरून चालतो. परंतु ती आखताना थांबण्याच्या जागा आधीच ठरवलेल्या असतात. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या उलटगणतीत उणे २० मिनिटांवर आणि उणे ९ मिनिटांवर घड्याळ मुद्दाम थांबवले जात असे, आणि यातला दुसरा थांबा बहुधा पाऊण तासाच्या आसपास असे. म्हणजे पडद्यावर नऊच मिनिटे उरलेली दिसत असली, तरी प्रत्यक्ष उड्डाण जवळजवळ तासभर दूर असे. त्या थांब्यात राहून गेलेली कामे उरकायची, शंका फेडून घ्यायच्या, आणि मग एकेका विभागाच्या प्रमुखाला नावानिशी विचारायचे : ‘गो’ की ‘नो-गो’? एकाही विभागाचा नकार आला तर त्याचे निरसन झाल्याशिवाय घड्याळ पुढे सरकत नसे. वाऱ्याचा वेग किती चालेल, टाकीतला दाब किती असावा, ढग किती दाट चालतील, या मर्यादा उड्डाणाच्या कितीतरी आधी, डोकी थंड असताना, कागदावर उतरवलेल्या असत.

इतकी व्यवस्था असूनही घाई आत शिरते, आणि तिची सगळीच कारणे खोटी नसतात. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला आणि द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतो, त्यामुळे टाकी भरून झाल्यापासून आतला द्रव सतत वाफ होऊन निसटत असतो आणि तो पुन्हा पुन्हा भरत राहावा लागतो. फाल्कन-९ या प्रक्षेपकात ऑक्सिजन त्याहूनही थंड करून भरतात, कारण थंड द्रव अधिक दाट होतो आणि त्याच टाकीत जास्त मावतो. हे भरण्याचे काम उड्डाणाच्या अवघ्या ३५ मिनिटे आधी सुरू होते, आणि अगदी शेवटी खोळंबा झाला तर द्रव कोमट होऊ लागून बहुधा तो दिवसच हातचा जातो. (उणे दोनशे अंशांच्या आसपासच्या द्रवाला ‘कोमट’ म्हणणे विचित्र वाटेल, पण इंजिनाच्या दृष्टीने तो कोमटच.) त्यात पृथ्वी फिरत असते. अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या यानाला स्थानकाची कक्षा प्रक्षेपणतळावरून सरकत असतानाचा क्षणच गाठावा लागतो, आणि तो चुकला की इंधन खर्चून भरपाई करण्याला फार मर्यादा असतात. शिवाय प्रक्षेपण रद्द करणे म्हणजे काही न करणे नव्हे. टाक्या रिकाम्या करायच्या, त्या पुन्हा सामान्य तापमानाला येऊ द्यायच्या, नंतर पुन्हा गोठवायच्या. या प्रत्येक फेऱ्याचा ताण सांध्यांवर आणि झडपांवर येतो, माणसांवर येतो तो वेगळाच.

पण दुसरीही एक घाई असते, आणि तिचा भौतिकशास्त्राशी काही संबंध नसतो. ती समारंभाची, तारखेची, वरून आलेल्या विचारणेची घाई असते. अडचण अशी की दोन्ही घायांचे घड्याळ एकच असते, आणि त्याच्याकडे नुसते पाहून आपल्याला नेमकी कोणती घाई ढकलते आहे हे ओळखता येत नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये सोव्हिएत संघाच्या बैकानूर येथील तळावर आर-१६ हे नवे क्षेपणास्त्र उडवण्याची तयारी चालू होती आणि ७ नोव्हेंबरचा क्रांतिदिन जवळ आला होता. इंधन भरलेल्या क्षेपणास्त्रावरच दुरुस्त्या सुरू राहिल्या, आणि सोव्हिएत क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिन स्वतः जवळच खुर्ची टाकून बसल्यामुळे इतरांनाही तेथून दूर जाण्याचा धीर झाला नाही. २४ ऑक्टोबरला उड्डाणाच्या सुमारे अर्धा तास आधी दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अचानक पेटले. नेडेलिन यांच्यासह ७० हून अधिक माणसे मेली, आणि सोव्हिएत सरकारने ती गोष्ट कित्येक दशके दडवून ठेवली. या उदाहरणावर फार लिहिण्यासारखे नाही, कारण तेथे चूक उघड दिसते.

चॅलेंजर या स्पेस शटलची गोष्ट अधिक अवघड आहे. २७ जानेवारी १९८६ रोजी त्याचे उड्डाण दोन कारणांनी हुकले : आधी दाराच्या हँडलचा भाग निघेना, आणि तो निघेपर्यंत वारा मर्यादेपलीकडे गेला. वाऱ्याची मर्यादा आकड्यात लिहिलेली होती, म्हणून त्यावर कोणी वाद घातला नाही. त्याच रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत, घन इंधनाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी आग्रह धरला की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस, याहून कमी तापमानाला उडू नये, कारण सांध्यातली रबरी कडी थंडीत लवचिकपणा गमावते. रात्री तापमान गोठणबिंदूच्या खाली जाणार होते. मात्र हे मत नियमपुस्तिकेतली मर्यादा म्हणून आलेले नव्हते, आणि अभियंत्यांजवळचा पुरावा अपुरा होता. कडी निकामी होईलच असे त्यांना सिद्ध करता येईना. नासाच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसात चर्चा केली आणि शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी सात जण गेले.

चौकशी आयोगापुढे रॉजर बॉइसजोली यांच्यासारख्या अभियंत्यांनी जे सांगितले, त्याचा मथितार्थ असा की एरवी ‘हे सुरक्षित आहे’ हे दाखवून द्यावे लागे, आणि त्या रात्री मात्र ‘हे असुरक्षित आहे’ हे दाखवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. मला सगळ्या प्रकरणात हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणी नियम मोडला नाही, कोणी आवाज चढवला नाही. फक्त पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, आणि ते गेल्याचे बैठकीतल्या अनेकांच्या लक्षातही आले नसावे.

आपल्याकडचे उदाहरण १० ऑगस्ट १९७९ चे आहे. एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी संगणकाने उलटगणती थांबवली. नियंत्रण यंत्रणेत गळती असल्याचे दिसत होते. मोहिमेचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी सोबतच्या तज्ज्ञांना विचारले, गळूनही साठा पुरेसा आहे असे उत्तर मिळाले, आणि त्यांनी संगणकाला बाजूला सारून प्रक्षेपण केले. पहिला टप्पा नीट चालला, दुसऱ्याची नियंत्रण यंत्रणा निकामी झाली, आणि प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात पडला. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी यश आले तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. नेतृत्वाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग इतक्यांदा सांगितला जातो की मधला निर्णय झाकला जातो. संगणकाचे ऐकले नाही एवढीच चूक होती, असे मला वाटत नाही; यंत्राचा इशारा कधी कधी खोटा असतो आणि माणसाला तो ओलांडण्याचा अधिकार असायलाच हवा. पण ‘साठा पुरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ‘गळती मुळात का होते आहे?’ हा प्रश्न तसाच राहिला. वेळ कमी असला की माणूस ज्याचे उत्तर लवकर मिळेल तोच प्रश्न विचारतो. स्वतः कलामांनी हा निर्णय पुढे अनेक भाषणांत न लपवता सांगितला, याचे मला अधिक कौतुक आहे.

चांद्रयान-२ मात्र एका आठवड्याने, २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी उडाले, आणि मधले दिवस भरून काढण्यासाठी चंद्राभोवती फिरण्याचे दिवस कमी करून उतरण्याची ठरलेली तारीख कायम ठेवण्यात आली. म्हणजे ज्या मुहूर्तासाठी मी जागलो होतो, तो दिसत होता तितका अटळ नव्हता. गगनयानाच्या २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत तर उड्डाणाला पाचच सेकंद उरलेली असताना स्वयंचलित यंत्रणेने सगळे थांबवले, कारण शोधले गेले, आणि त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण झाले.

थांबण्याचे समर्थन अशा उदाहरणांनी करणे सोपे आहे, म्हणून एक न बसणारे उदाहरणही सांगितले पाहिजे. २० जुलै १९९९ रोजी स्पेस शटल कोलंबिया, चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण घेऊन, उड्डाणाला सात सेकंद उरलेल्या स्थितीत होते. या मोहिमेच्या प्रमुख आयलीन कॉलिन्स शटलचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला होत्या. मागच्या भागात हायड्रोजनचे प्रमाण मर्यादेच्या दुपटीजवळ गेल्याचे एका अभियंत्याला पडद्यावर दिसले आणि इंजिने पेटण्याच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी त्याने उलटगणती थांबवली. तपासाअंती ते मोजमाप खोटे निघाले. हायड्रोजन गळतच नव्हता. दोन दिवसांनी विजांमुळे पुन्हा उड्डाण टळले. २३ जुलैला सर्व मोजमापे निर्दोष असताना कोलंबिया उडाले, आणि पाचव्या सेकंदाला विजेच्या तारेत शॉर्टसर्किट होऊन दोन इंजिनांचा प्रत्येकी एक नियंत्रक बंद पडला. त्यांच्या उरलेल्या नियंत्रकांनी काम सांभाळले. त्याआधीच, इंजिने पेटताना, एका इंजिनातली सोन्याचा मुलामा दिलेली छोटी पिन सुटून नळकांड्यावर आदळली, थंड ठेवणाऱ्या तीन नळ्या फुटल्या, आणि कक्षेत पोहोचेपर्यंत त्यांतून हायड्रोजन खरोखरच गळत राहिला.