एका प्लेटवरच्या दोन वसाहती

जीवाणूच्या नव्या प्रजातीच्या वर्णनाचा मसुदा तयार होता आणि नावाचे लॅटिन व्याकरणही तपासून झाले होते. नाव वैध ठरण्यासाठी टाइप स्ट्रेन, म्हणजे प्रजातीचा प्रमाण नमुना असलेला जीवाणूवंश, दोन वेगवेगळ्या देशांतील कल्चर संग्रहांत (जिवंत जीवाणू जपणाऱ्या संस्थांत) जमा करावा लागतो, म्हणून पाठवण्यापूर्वी मी तो पुन्हा एकदा अगारच्या प्लेटवर स्ट्रीक केला, म्हणजे रेघा ओढून पसरवला. तिसऱ्या दिवशी प्लेट उजेडात तिरकी धरली, तेव्हा जीवाणूंच्या गुळगुळीत, फिकट पिवळ्या वसाहतींमध्ये (ठिपक्यांसारख्या पुंजक्यांमध्ये) तीन-चार वसाहती कोरड्या पृष्ठभागाच्या आणि किंचित दातेरी कडांच्या दिसल्या.

दोन्ही वेगळ्या करून जीवाणूंची ओळख पटवण्यासाठी वापरले जाणारे १६एस आरआरएनएचे जनुक वाचले. सुमारे १,५०० अक्षरांत एकाचाही फरक नव्हता. "एकाच जीवाणूची दोन रूपे आहेत, पाठवून द्या," असे ज्येष्ठ सहकारी म्हणाले. अशी रूपे असतात, हे खरे. पण हे जनुक ९८.७ टक्क्यांहून कमी जुळले तर प्रजाती वेगळी मानता येते, जास्त जुळले म्हणून एकच मानता येत नाही, आणि ही गल्लत अनुभवी माणसेही सर्रास करतात.

मी दोन्हींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले. सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे दोन जीनोमची अक्षरे किती जुळतात याचे माप, ९५.४ टक्के निघाले, म्हणजे प्रजातींच्या ९५ ते ९६ या सीमापट्ट्यात जवळपास मधोमध. संगणकीय डीएनए संकरणाचा, म्हणजे जीनोमच्या साम्याच्या दुसऱ्या मापाचा, आकडा मात्र ६३ टक्के होता आणि तिथली सीमा ७० आहे. एक मापदंड निर्णय देत नव्हता, दुसरा त्यांना वेगळे ठरवत होता. आता तेच सहकारी दोन नावे आणि दोन शोधनिबंध सुचवू लागले, याचा मला मनापासून राग आला.

या सीमा माणसांनी सोयीसाठी आखल्या आहेत. जीनोम पाहिला तर आमांशाचा जीवाणू शिगेला हा आतड्यातल्या एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या प्रजातीतच मोडतो, तरी वैद्यकीय गरजेपोटी त्याचे नाव वेगळे राहिले. प्लेगच्या जीवाणूला त्याच्याच येर्सिनिया कुळीतल्या दुसऱ्या प्रजातीची उपप्रजाती म्हणणारे नाव १९८५ मध्ये जीवाणूंच्या नावांवर निर्णय देणाऱ्या न्यायिक आयोगाने नाकारले, कारण नावाच्या गोंधळातून जीव धोक्यात आले असते. तो निर्णय मला पूर्णपणे पटतो. आमच्या दातेरी वसाहतीसाठी तसे कोणतेही कारण नव्हते. नियम एका स्ट्रेनवरूनही प्रजातीला नाव देऊ देतात आणि ही सवलत मला फार सैल वाटते.

मसुद्यातला जीनोम गुळगुळीत वसाहतीचाच निघाला, परंतु शर्करा-चाचण्यांचे आणि मेदाम्लांचे तक्ते मिश्र कल्चरवर केलेले होते. ते सगळे मी पुन्हा केले. मॅनिटॉलची चाचणी पूर्वी होकारार्थी होती, ती शुद्ध कल्चरमध्ये नकारार्थी आली. नाव गुळगुळीत स्ट्रेनला मिळाले. दातेरी स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवला आहे; त्याच्या नळीवर फक्त क्रमांक आहे आणि त्याच्या जोडीचा दुसरा स्ट्रेन मी अजून शोधते आहे.