प्रमाणपत्रांची नोंद पाळीप्रमाणे ठेवावी

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की एमआयडीसीतील कारखान्यांत फलक लागतात, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांची बक्षिसे वाटली जातात आणि त्याच धामधुमीत प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रांची मुदत संपल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते. मग घाईघाईने एक बॅच बसवली जाते आणि तिच्यात जनरल शिफ्टला हाताशी असलेली माणसेच भरली जातात. ऑडिटच्या फाइलमधला आकडा पुरा होतो. मात्र रात्री दोन वाजता मशिनवर उभा असलेला एकही माणूस त्या यादीत नसतो.

या नोंदी सांभाळणे हेच माझे काम असल्याने मी त्या नावांच्या क्रमाने न ठेवता पाळ्यांच्या क्रमाने ठेवतो. कायद्याचा रोखही तोच आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 45 ने (या कायद्याची जागा आता 2020 ची कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीची संहिता घेत आहे) दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सांगितली, ती राज्य शासनाने मान्य केलेले प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी असे सांगितले आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत कायम उपलब्ध असावी, अशीही अट घातली. पेट्या सगळेच मोजतात, शेवटची अट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी आणि गणपती-दिवाळीच्या रजा धरल्या, तर एका पेटीमागे चार-पाच प्रशिक्षित माणसे लागतात.

मुदतीही एकसारख्या नसतात. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. धोकादायक रसायनांचा टँकर चालवण्याचा परवानाही तीन वर्षांचाच, पण त्याच्या नूतनीकरणासाठी चालकाला एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणून माझ्या एक्सेल शीटमध्ये मुदत संपण्याच्या तारखेशेजारी बॅच ठरवण्याची तारीख असते, ती तीन महिने आधीची. कारण ऐन मार्चमध्ये प्रशिक्षक मिळणे कठीण.

तरीही कागदावरची तारीख ही फार तर शेवटची मर्यादा समजावी. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देताना तो पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 या गतीने द्यायचा असतो, हे तोंडपाठ म्हणणाऱ्या माणसाला सरावाच्या पुतळ्यासमोर बसवले, तर कोपर वाकतात आणि मिनिटभरात दाब उथळ होऊ लागतो. हे कसब काही महिन्यांतच उतरते. त्यामुळे पाळी सुरू होताना अधूनमधून अर्धा तास पुतळ्यावर सराव घ्यावा, असा माझा आग्रह असतो. उत्पादन विभाग कुरकुरतो, ते चालायचेच.

सर्वांत मोठी गळती मात्र ठेकेदाराच्या कामगारांची. मूळ प्रमाणपत्र ठेकेदाराच्या कपाटात, आमच्याकडे पुसट झेरॉक्स, आणि ठेकेदार बदलला की त्याच माणसाला उंचीवर काम करण्याचे तेच प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून! यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. ज्याचे जे प्रमाणपत्र सर्वांत आधी संपते, त्याच दिवशी त्याचा गेटपासही संपतो, त्यामुळे पाठपुरावा ठेकेदार स्वतःच करतो. आणि मूळ कागद कामगाराच्या हातात, सही घेऊन. आमच्याकडे फक्त स्कॅन.